चौथा आकडा

बॉक्स बंद झाला की बाई तो उचलून कानाशी न्यायच्या आणि एकदाच हलवायच्या. आवाज आला नाही तर बॉक्स पुढे. आला तर ज्या मुलीनं भरला असेल तिच्यापुढे परत. "हलतंय," एवढंच म्हणायच्या. रागावणं नाही, आवाज चढवणं नाही. पण त्या एका शब्दाला आम्ही सुपरवायझरच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त भ्यायचो.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेलच. जिला मोठ्यानं हसताना कोणी पाहिलेलं नसतं, जी कोणाचं कौतुक करत नाही, आणि तरी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मुली डबे घेऊन तिच्याच शेजारी जागा धरतात. का, ते विचारलं तर सांगता येत नाही.

आमची कंपनी पिंपरीत, हमरस्त्याला लागून. विजेच्या इस्त्र्या आणि टेबलफॅन बनवायची. पुरुष यंत्रांवर, बायका पॅकिंगला. आमची लाइन तीन नंबरची, इस्त्र्यांची, आणि त्या लाइनच्या प्रमुख म्हणजे बाई. मी चिंचवडहून सायकलवर यायची; नुकती मॅट्रिक झालेली आणि जिभेला हाड नसलेली. पहिल्याच आठवड्यात माझा बॉक्स परत आला. मी म्हटलं, "बाई, इस्त्रीच आहे, काचेचं भांडं नाही."

बाई म्हणाल्या, "जिच्या घरी जाईल ती बॉक्स उघडेल तेव्हा दांड्यावर ओरखडा दिसेल. नवरा म्हणेल, तूच पाडलीस. मग ती कोणाला सांगत बसणार?"

मी बॉक्स उघडून पहिल्यापासून भरायला घेतला. माझ्या आईला विचारलंत तर ती सांगेल, असं फार क्वचित व्हायचं.

बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर बारीकसं कुंकू. नवरा मात्र कोणी पाहिला नव्हता. नवीन आलेली प्रत्येक मुलगी आडून आडून विचारायची की बाईंना सौ. म्हणायचं की श्रीमती. आपल्याकडे बाईचं नाव नुसतं कुठं लिहितात? नावाच्या आधी सांगावं लागतं, नवरा आहे, गेला, की अजून व्हायचाय. पुरुषाला एक श्रीयुत लावलं की झालं. त्याची बायको कुठं आहे हे पत्रिका छापणाराही विचारत नाही. बाई समोरचा बॉक्स ओढत म्हणायच्या, "ते तुमचं तुम्ही ठरवा. मला पुढचा द्या."

खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त बाईंच्या तोंडून नाही. त्यांचं सासर चाकणजवळच्या एका खेड्यात. नवऱ्यानं एके दिवशी दुसरी बाई घरात आणून बसवली. बाईंनी आपली ट्रंक उचलली आणि बाहेर पडल्या. इथपर्यंत नवीन काही नाही, असं पुष्कळ घरांत झालंय. पण बाई एसटीच्या थांब्यावर पोचल्या आणि बघतात तर मागून सासू चालत येतेय, डोक्यावर गाठोडं घेऊन.

"आत्याबाई, तुम्ही कुठं निघालात?"

"तू जाशील तितं."

झालं. तेव्हापासून दोघी चिंचवडगावात एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या. आमचं घर त्याच आळीत, नळ एकच, म्हणून मला हे तपशील. बरेचसे म्हातारीनंच सांगितलेले. बाई जितक्या मितभाषी तितकी म्हातारी बोलकी. उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायची, लसूण सोलत सगळ्या आळीचं बरं-वाईट बघायची. लेकावर तिचा राग होता, भरपूर होता. "मेल्यानं तोंडाला काळं फासलं माझ्या," म्हणायची. आणि त्याच मेल्याच्या नावानं दर शनिवारी उपास धरायची.

"आजी, एवढा राग आहे तर उपास कशाला?" मी विचारलं होतं.

"राग मला हाय. मारुतीला कशाला सांगू?"

बाईंना नवऱ्याचा उल्लेख करावाच लागला तर त्या "म्हातारीचा मुलगा" म्हणायच्या. मंगळसूत्र का ठेवलंय, असं एका आगाऊ मुलीनं विचारलं होतं. आगाऊ म्हणजे मीच. म्हणाल्या, "म्हातारीला बरं वाटतं."

त्या काळात पिंपरी-चिंचवडला माणसाची एकच ओळख होती: परमनंट की टेंपररी. जात, गोत्र, पत्रिका सगळं मागाहून. मला बघायला आलेल्यांनी कांदेपोहे संपवायच्या आत विचारलं, "मुलगी परमनंट आहे ना?" आणि आमच्या वडिलांनी उलट विचारलं, "मुलगा?" दोन्हीकडून होकार आल्यावर सगळ्यांच्या तोंडावर हसू. मी दुसऱ्या दिवशी लाइनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाई, मुलगा परमनंट आहे."

बाईंनी बॉक्स कानाशी नेला, हलवला, ठेवला. "नोकरीत आहे गं. स्वभावानं आहे का ते बघ."

मी बघितलं. दोनतीन वेळा भेटून, भांडूनसुद्धा बघितलं. तो माणूस आजही शेजारच्या खोलीत पेपर वाचतोय, तेव्हा बाईंचे आभार मानायला हरकत नाही.

पुढे मी टायपिंग शिकले आणि मला पगार खात्यात घेतलं. म्हणजे मी कामगारांतून स्टाफमध्ये गेले. आमच्या कँटीनमध्ये कामगारांना बाकं आणि चहाला ग्लास, स्टाफला टेबल-खुर्ची आणि कपबशी, आणि अधिकाऱ्यांना पडद्यामागे किटली. पहिल्या दिवशी मी सवयीनं डबा घेऊन बाईंच्या बाकावर येऊन बसले. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "जा तिकडं. तुझा कप गार होतोय."

मला राग आला. मी म्हटलं, "मी काय लगेच मोठी झाले का?"

"मोठी नाही झालीस. पण तू इथं बसलीस की या मुली मोकळ्या बोलणार नाहीत. स्टाफ ऐकतोय म्हणतील." आणि मग, "शनिवारी घरी ये. म्हातारीनं साबुदाणा भिजवलेला असतो."

तर सांगायचं ते पुढेच आहे.

आळीतला संडास आमच्या घरांच्या मागे, एका उताराच्या खाली होता. म्हातारीचे गुडघे गेले होते. पावसाळ्यात त्या उतारावर ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा कंबर धरून पडून राहिली. बाई कामावर होत्या, शेजारणीला कळेपर्यंत सकाळ गेली. त्यानंतर बाई कामावर जाण्याआधी तिला सगळं करवून यायच्या आणि म्हातारी दिवसभर पाणी प्यायची नाही, पुन्हा जावं लागू नये म्हणून. हे कळलं तेव्हा बाई माझ्याजवळ बोलल्या, आपण होऊन, पहिल्यांदाच. "मला क्वार्टर पाहिजे. घरात नळ आणि घरात संडास. दुसरं काही नको."

संत तुकाराम नगराच्या अलीकडे कंपनीची कॉलनी होती, दोन-दोन खोल्यांची. पण नियम असा की क्वार्टर पुरुष कामगाराला. बाईला मिळायची ती विधवा असेल तर, किंवा बिनलग्नाची असून आईवडील तिच्यावर अवलंबून असतील तर. लग्न झालेलीनं नवऱ्याच्या घरी राहावं. नवऱ्याच्या घरात जागा उरली नसेल तर काय, हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. बाईंचा अर्ज दरवर्षी जायचा आणि दरवर्षी परत यायचा.

अशात आमच्याकडे कॉम्प्युटर आला. आला म्हणजे काय, क्रेननं उतरवला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, गार हवेचं यंत्र बसवलं. मोठे साहेबसुद्धा दारात बूट काढून आत जायचे, आणि देवळात बोलावं तसं हळू बोलायचे. मला कार्डांना भोकं पाडायच्या कामावर घेतलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. त्यावर नंबर, खातं, पगार, सगळं आकड्यांत. त्यातलं एक घर होतं स्टेटसचं. अविवाहित एक, विवाहित दोन, विधवा किंवा विधुर तीन.

कॉम्प्युटर चालवणारे साहेब अगदी तरुण, पुण्याहून स्कूटरवर यायचे. त्यांच्या तोंडात दिवसभर तोच शब्द. पगाराचं काम यंत्रात घातलं की खोलीत शिरता शिरता विचारायचे, "स्टेटस काय?" म्हणजे काम कुठवर आलं. हा शब्द पॅकिंग हॉलमध्ये पोचायला वेळ लागला नाही. मुली एकमेकींना विचारायला लागल्या, "तुझं स्टेटस काय गं?" एक, दोन, अशी उत्तरं. लाइन दोनवरची एक, जिचा नवरा पगाराच्या दिवशी गेटवरच उभा असायचा, ती म्हणाली, "माझं दोन आहे. पण तीनचा भाव काय चाललाय ते विचारून ठेवा." सगळा हॉल हसला. बाईंच्या ओठाची कडसुद्धा हलली, मी पाहिलं.

बाईंच्या जागी जुन्या रजिस्टरात काहीच लिहिलेलं नव्हतं. जुन्या हेडक्लार्कनं विचारलं असणार, बाई म्हणाल्या असणार, ते तुमचं तुम्ही ठरवा. तो भला माणूस, त्यानं जागा कोरी सोडली. पण यंत्राला कोरं चालत नाही. त्या घरात आकडा नसला की कार्ड बाहेर फेकायचं. तरुण साहेबांनी कार्ड दोनदा घातलं, दोनदा बाहेर आलं. पगाराची घाई होती. त्यांनी बाईंच्या फायलीतला जुना अर्ज बघितला: श्रीमती. बाईंनी नाही, अर्ज टाइप करणाऱ्या कोणीतरी कधीतरी तसं टाकलं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या साहेबांना श्रीमती सगळ्याच बायकांना चालतं असं वाटायला हवं होतं. पण त्यांनी शेजारच्या क्लार्कला विचारलं, आणि आपल्याकडचा क्लार्क काय सांगणार? "श्रीमती म्हणजे विधवा, साहेब." साहेबांनी तीन टाकला. यंत्रानं कार्ड गिळलं.

मग यंत्रानं याद्या काढल्या. संक्रांतीला कंपनी बायकांसाठी हळदीकुंकू करायची, त्या यादीतून बाई गेल्या. आणि विधवांना क्वार्टर द्यायच्या यादीत आल्या, तेही वरच्या नंबरावर, कारण नोकरी जुनी.

पर्सोनेलचे, म्हणजे नोकरभरती आणि क्वार्टरचं बघणारे, साहेब स्वतः लाइनवर आले. पन्नाशीचे, पोट सुटलेले, मनानं चांगले गृहस्थ. म्हणाले, "बाई, अभिनंदन. तुम्हाला क्वार्टर लागली." मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला, उजळला होता अगदी. मग त्यांनी विचारलं, "कशी काय लागली?"

साहेबांनी सांगितलं. बाईंनी हातातला बॉक्स खाली ठेवला. "हलतंय," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पर्सोनेलच्या खोलीत गेल्या. मी पगाराचे कागद द्यायला तिथेच होते. बाई उभ्या राहूनच बोलल्या. "साहेब, ते दुरुस्त करा."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "अहो बाई, कशाला? कोणाचं काय बिघडतंय? तो माणूस तुम्हाला वाऱ्यावर सोडून बसलाय. कागदावर मेला तर मेला. तुम्ही गप्प राहा, किल्ली घ्या, म्हातारीला घेऊन जा."

मीही म्हटलं, "बाई, घ्या हो."

बाई म्हणाल्या, "माझं काही जात नाही, साहेब. माझ्या मनानं तो केव्हाच गेलाय. पण क्वार्टरमध्ये राहणार कोण? म्हातारी. तिचा मुलगा मेला म्हणून मिळालेल्या घरात तिला झोपवू? आणि ती दर शनिवारी त्याच्यासाठी उपास धरणार?"

साहेब पेपरवेट फिरवत राहिले.

त्यांनी लगेच दुरुस्त केलं नाही. त्यांना वाटलं, बाईचं मन बदलेल, चार दिवस जाऊ द्यावेत. पण कंपनीत चाकणकडचे कमी का होते? बातमी एसटीनं गावाला गेली. एका सकाळी गेटवर पांढरी टोपी, पांढरं धोतर, असा एक गृहस्थ उभा. वॉचमननं विचारलं, कोण पाहिजे? तो म्हणाला, "मी मेलोय म्हनं. कुनी लिवलं ते दावा."

वॉचमनच्या वहीत भेटीचं कारण लिहावं लागतं. त्यानं काय लिहिलं ते मी बघायला हवं होतं, राहून गेलं.

त्याला पर्सोनेलच्या खोलीत आणलं. साहेबांनी आधी चहा मागवला. ग्लास द्यावा की कपबशी, हे कँटीनच्या माणसाला कळेना, मेलेल्यांसाठी काही ठरलेलं नव्हतं. शेवटी कपबशी आली. तो माणूस बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, "गावात पोरं हसाया लागली, सायेब. मारुतीच्या पारावर बसलो तर इचारत्यात, तात्या, दहावा कदी? घरात ती रडती. माजं येवडं लिवून द्या की मी हाय."

बाईंना बोलावलं. मला वाटलं होतं आता भांडण होईल. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर. बाई दारातच थांबल्या, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि साहेबांना म्हणाल्या, "हेच ते. जिवंत आहेत. लिहून द्या."

तो उठून उभा राहिला. टोपी काढून पुन्हा घातली. "आय कशी हाय?"

"पडली होती. आता बरी आहे. येऊन बघा."

"येतो," म्हणाला. तो आला नाही. वाईट माणूस नव्हता, हे मी आता म्हणू शकते. तेव्हा मला त्याच्या कपात मीठ घालावंसं वाटलं होतं.

बाईंचा तीन गेला आणि क्वार्टरही गेली. पण साहेबांच्या मनाला ते लागलं असावं. गुरुवारी कंपनीचे कायद्याचे सल्लागार पुण्याहून यायचे, त्यांच्यापुढे साहेबांनी बाईंना नेऊन बसवलं. वकीलसाहेब हुशार. त्यांनी पाच मिनिटांत वाट काढली. "यात अवघड काय? पहिली बायको असताना त्याचं दुसरं लग्न कायद्यानं रद्दच. घटस्फोट सहज मिळेल. एकदा सुटलात की तुमचा दर्जा स्वतंत्र, मग कंपनीला नाही म्हणायला तोंड नाही. मनात असेल तर त्याच्यावर फौजदारीसुद्धा होईल."

बाईंनी विचारलं, "घटस्फोट झाला की म्हातारी माझी कोण?"

"कायद्यानं? कोणी नाही."

"मग क्वार्टरमध्ये मी कोणाला घेऊन जाऊ?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बाई नमस्कार करून लाइनवर गेल्या. त्या दिवशी एकही बॉक्स परत आला नाही, आणि त्याचीच आम्हाला काळजी वाटली.

इकडे पगाराची तारीख पुन्हा जवळ आली. तरुण साहेब कार्ड हातात घेऊन हॉलमध्ये आले. चूक त्यांची होती हे त्यांना कळलं होतं आणि ते शरमले होते. "बाई, दोन टाकू का? नाहीतर कार्ड आत जाणार नाही. चौथा आकडाच नाहीये. चौथा घालायचा तर सगळा प्रोग्राम बदलावा लागेल."

बाई म्हणाल्या, "इस्त्री बॉक्समध्ये बसली नाही तर आम्ही बॉक्स बदलतो, साहेब. इस्त्रीचा दांडा कापत नाही."

पोरगा चांगला होता. दोन दिवस काचेच्या खोलीतून बाहेर पडला नाही, आणि त्यानं चौथा आकडा घातला. "याला नाव काय देऊ?" त्यानं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव कशाला? असू दे की तसाच." तो तसाच राहिला. गंमत अशी, की पुढच्या काही महिन्यांत हॉलमधल्या आणखी तीनचार जणी माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगून गेल्या, "माझं दोन आहे ना, तिथं चार कर." मी कोणालाही कारण विचारलं नाही. लाइन दोनवरची ती पहिली आली होती.

पण चार आकड्याला घर नव्हतं. नियम जिथल्या तिथं.

मग म्हातारी उठली. तिला हे सगळं कोणी सांगितलं? आळीत नळ एकच होता म्हणून सांगितलं ना. एका सकाळी ती रिक्षा करून कंपनीच्या गेटवर आली; आयुष्यातली पहिली रिक्षा. पर्सोनेलच्या खोलीत आली ती फरशीवरच बसली. साहेब म्हणाले, "आजी, खुर्चीवर बसा." ती म्हणाली, "हितं बरं हाय. उटाया लागलं तर तुमी हायच." मला लिहून घ्यायला बोलावलं होतं, बाईंना लाइनवरून. बाई येईपर्यंत म्हातारीनं विषयाला हात घातला होता.

"काय आडलंय, सायेब?"

साहेबांनी समजावलं. "आजी, या एकट्या आहेत हे मी वर पटवून देईन. पण नियमात आई बसते. सासू बसत नाही."

"मंग आय लिवा."

"पण तुम्ही यांच्या आई नाही ना."

"कोन म्हनतो?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. म्हातारी सावकाश बोलत होती, लसूण सोलावा तशी. "हे बगा सायेब. मी हिला सून म्हनून आनली. माज्या लेकाची बायकू म्हनून सून, व्हय का न्हाई? लेकानं सोडली. मंग त्याच्या वाटची सून गेली. पर पोरगी तर न्हाई गेली. ती माज्याच घरात हाय, मला न्हाऊ घालती, माजी लुगडी धुती. मंग आता ती माजी कोन ऱ्हायली? लेकच की."

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आत्याबाई, खोटं आहे ते."

"तू गप. तुला इचारलंय का?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, हलतंय का काही?"

बाई पदरानं डोळे पुसून खाली बसल्या आणि म्हातारीचा पाय चेपायला लागल्या, कारण रिक्षातून उतरताना तो मुरगळला होता.

साहेबांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लिहिलं. अवलंबून असलेली व्यक्ती: आई. म्हातारीनं अंगठा दिला आणि शाई बाईंच्या पदराला पुसली.

क्वार्टर मिळाली. म्हातारीनं आत शिरल्या शिरल्या आधी नळ सोडून बघितला, मग दुसरी खोली न बघता संडासाचं दार उघडून बघितलं, आणि म्हणाली, "राजवाडा हाय गं." त्या दिवशी ती तांब्याभर पाणी प्यायली.

दारावर पाटी लावायची होती. रंगारी कॉलनीतलाच. त्यानं ब्रश बुडवला आणि विचारलं, "सौ. की श्रीमती?" मी मनात म्हटलं, आता बाई म्हणणार, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बाई म्हणाल्या, "नुसतं नाव. आणि मधोमध लिहा. आधी काही राहून गेलंय असं वाटायला नको." त्या पाटीवरचं नाव मी इथं सांगत नाही. बाईंना आवडलं नसतं.

म्हातारी त्या घरात काही वर्षं सुखानं राहिली आणि एका दुपारी झोपेतच गेली. मुलगा आला. अग्नी त्यानंच दिला. दिवस होईपर्यंत तो बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसून असायचा, बाई वाढतील ते जेवायचा. बाईंनी त्याला ना काही विचारलं, ना काही सुनावलं. तेराव्यानंतर तो गावी गेला. जाताना दारावरच्या पाटीपुढे जरा वेळ थांबला होता, मी समोरून येत होते म्हणून दिसलं.

लाइन तीनवर त्या दिवसांत बाईंचं स्टूल रिकामं होतं. बॉक्स कानाशी नेणारं कोणी नव्हतं. मुलींनी आपणच एकमेकींचे बॉक्स हलवून बघायला सुरुवात केली होती, कोणी सांगितलं नसताना.

रजेचे अर्ज बायका माझ्याकडून टाइप करून घ्यायच्या. बाई कामावर परत आल्या त्या दिवशी मागच्या रजेचा अर्ज द्यायचा होता. मी म्हटलं, "बाई, देते करून." त्या म्हणाल्या, "नको. मी लिहिते." माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी लिहिला, सातवीतल्या मुलीसारख्या ठळक अक्षरात, आणि माझ्यापुढे सरकवून निघून गेल्या. कारण एका ओळीचं होतं. माझी आई वारली.

मी त्यांना तिला हाक मारताना हजार वेळा ऐकलं होतं. नळावर, उंबऱ्यात, क्वार्टरच्या पायरीवर. आत्याबाई, पाणी तापलं. आत्याबाई, सावकाश. शेवटच्या दुपारपर्यंत आत्याबाईच. आई हा शब्द बाईंनी पहिल्यांदा त्या अर्जात लिहिला, आणि तो ऐकायला म्हातारी राहिली नव्हती.